एक्सपीवर कोरलच्या दोन आवृत्त्या: सीडीआर फाइल हव्या त्याच आवृत्तीत कशी उघडावी?

खणभाग_प्रेस (सांगली)
प्रेसमधल्या एका मशीनवर अजून विंडोज एक्सपी आहे. त्यावर डिझाइनच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची १२ आणि त्यापुढची एक्स-३ अशा दोन्ही आवृत्त्या टाकल्यात. जुन्या फाँटमधल्या लग्नपत्रिका १२ मध्येच उघडायच्या असतात, पण सीडीआरवर (कोरलच्या फाइलवर) डबल क्लिक केलं की एक्स-३ उघडतं. 'ओपन विथ' मध्ये ब्राउझ करून १२ ची एक्सई (प्रोग्राम चालवणारी फाइल) निवडली, 'ऑलवेज' वर टिक केली, तरी यादीत कोरल एकदाच दिसतं आणि उघडतं एक्स-३च. पेजमेकरच्या पीएमडी फाइलला हीच पद्धत बरोबर चालली. मग कोरललाच काय होतंय?

मिरज_डीटीपी
दोन्ही आवृत्त्यांच्या एक्सईचं नाव एकच आहे, त्यामुळे हे होतंय. 'ओपन विथ' ची यादी विंडोज रजिस्ट्रीत (आपल्या सेटिंगच्या साठ्यात) एक्सईच्या नुसत्या नावाने ठेवतं, फोल्डर बघत नाही. त्या नावाची नोंद आधीच एक्स-३ कडे बोट दाखवते, म्हणून तुम्ही १२ निवडलं तरी जुनीच नोंद वापरली जाते. पेजमेकर एकच आहे, तिथे टक्कर नाही. या खिडकीतून कितीही वेळा निवडा, फरक पडणार नाही.

एक्सपीत दुसरा रस्ता आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून माय कॉम्प्युटर उघडा, टूल्स, फोल्डर ऑप्शन्स, 'फाइल टाइप्स' टॅब. यादीत सीडीआर निवडा. खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' ऐवजी 'रिस्टोअर' बटण दिसेल, कारण तुम्ही 'ऑलवेज' ची टिक केली होती. आधी ते दाबा, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' येईल. बरेच जण इथेच अडकतात.

'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'न्यू'. अ‍ॅक्शनच्या चौकटीत '१२ मध्ये उघडा' असं काहीही नाव द्या. खालच्या चौकटीत ब्राउझ करून १२ च्या प्रोग्राम्स फोल्डरमधली एक्सई घ्या, एक जागा सोडा आणि पुढे "%1" लिहा; %1 च्या जागी विंडोज फाइलचं नाव घालतं. एक्सईचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात आणि %1 सुद्धा वेगळ्या दुहेरी अवतरणात हवा. त्यातला 1 इंग्रजी आकडा. 'यूज डीडीई' ची टिक नको. तसंच एक्स-३ साठी दुसरी अ‍ॅक्शन करा. मग १२ वाली निवडून 'सेट डिफॉल्ट' दाबा, ती ठळक दिसायला लागेल. आता डबल क्लिकला १२, आणि राइट क्लिकवर दोन्ही नावं.

खणभाग_प्रेस (सांगली)
झालं, राइट क्लिकवर दोन्ही येतात. पण 'लग्न पत्रिका अंतिम' नावाची फाइल उघडताना १२ म्हणतं फाइल सापडत नाही. 'पत्रिका१' मात्र उघडते.

मिरज_डीटीपी
%1 भोवतीचं अवतरण राहिलंय. ते नसलं की नाव मोकळ्या जागेपाशी तुटतं आणि कोरल नुसती 'लग्न' नावाची फाइल शोधत बसतं. अ‍ॅक्शन निवडा, 'एडिट' करा, अवतरण घाला.

आणि फाइल एक्स-३ मध्ये सेव्ह झालेली असेल तर ती १२ मध्ये उघडणारच नाही, त्याचा या सेटिंगशी संबंध नाही. एक्स-३ मध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना 'व्हर्जन' च्या यादीत १२ निवडून द्या.

विश्रामबाग_हार्डवेअर
वरचं बरोबर आहे, पण पुढे कुणी सवयीने 'ओपन विथ' मध्ये 'ऑलवेज' ला टिक केली की डबल क्लिकवर पुन्हा त्याचंच राज्य. मशीनवर चार जण बसत असतील तर सोपा उपाय 'सेंड टू'. स्टार्ट, रन, इंग्रजीत shell:sendto टाका, मध्ये कुठेही जागा सोडू नका. उघडलेल्या फोल्डरमध्ये दोन्ही कोरलचे शॉर्टकट 'कोरल १२' आणि 'कोरल एक्स-३' नावाने ठेवा. मग फाइलवर राइट क्लिक, सेंड टू, हवं ते. रजिस्ट्रीला हात लागत नाही, म्हणून माझं मत यालाच. विंडोज ७ वर तर हेच करा, कारण व्हिस्टापासून 'फाइल टाइप्स' चा टॅबच काढून टाकलाय. तिथल्या 'डिफॉल्ट प्रोग्राम्स' मध्ये प्रोग्राम बदलता येतो, अशी अ‍ॅक्शन लिहिता येत नाही.

एक जोड: फोल्डर ऑप्शन्समध्ये आलाच आहात तर 'व्ह्यू' मधली एक्स्टेन्शन लपवण्याची टिक काढा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून 'पत्रिका.सीडीआर.एक्सई' अशी फाइल आली तर टिक असताना शेवटचं एक्सई दिसत नाही, आणि डबल क्लिकला व्हायरस चालू होतो.

खणभाग_प्रेस (सांगली)
अवतरण घातलं, मोकळ्या जागेची नावंही उघडली. शेजारच्या विंडोज ७ च्या मशीनवर डेस्कटॉपवरचा कुठलाही आयकॉन दाबला तरी पेजमेकरच उघडतं. हे त्यातलंच का?

विश्रामबाग_हार्डवेअर
त्यातलंच. शॉर्टकटची एलएनके ही फाइलच पेजमेकरला जोडली गेलीय. एक्सई शाबूत आहेत, म्हणून विंडोज की आणि आर दाबून इंग्रजीत regedit टाकलं की रजिस्ट्री एडिटर उघडेल. करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइल एक्स्ट्स, त्यात .एलएनके. आधी ती की (रजिस्ट्रीतला कप्पा) 'एक्सपोर्ट' करून ठेवा. मग तिच्या आतली फक्त 'यूजर चॉइस' की डिलीट करा, लॉग ऑफ करून परत या. .एलएनके च्या बाहेरचं काही पुसू नका.