मोंते ब्राझील बघून आलात म्हणून हरिहरला नावं ठेवायची?

कातळकडा:
अटलांटिकातल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आल्या आल्या इथल्या एका सदस्याने लिहिलं, 'तिथल्या टेर्सेरा बेटावरचा मोंते ब्राझील बघा, किल्ला कसा जपतात ते कळेल. आपल्या नाशकात नुसते पडके बुरूज आणि कचरा.' वाचून डोकंच फिरलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

जागा देखणी आहे, वादच नाही. समुद्रातून उसळून कधीच विझलेला ज्वालामुखी, अंग्रा शहराला चिंचोळ्या पट्टीने चिकटलेला. सगळ्यात उंच टोक जेमतेम २०५ मीटर. क्रूझिन्यासच्या टेकडीवर १९३२ चा स्मारकस्तंभ, तिथून खाली अख्खं शहर आणि बंदर. पण पायथ्याचा किल्ला स्पॅनिश अमलात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि आजही तिथे लष्कर आहे. खरी मेख ही! शिबंदी हलली नाही की दरवाजे शाबूत राहतात. आपल्याकडे १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतले आणि पुन्हा कोणी वर चढून बसू नये म्हणून कितीतरी गडांच्या वाटा, पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. नाशिकजवळच्या ज्या रामशेज किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुलवलं, त्याला तुम्ही नापास करणार?

भटकी_मावशी:
ती सदस्य मीच, नाव घ्यायला घाबरलात का? इंग्रजांना जाऊनही जमाना झाला. हरिहरच्या पायऱ्या तर त्यांच्या तावडीतून वाचल्यात. चढताना आधाराला खोबणीत बोटं घातली, तर आत गुटख्याची ओली पुडी हाताला लागली. ती कोणी कोंबली, कंपनी सरकारने? १ जानेवारी १९८० च्या भूकंपात अंग्रा कोसळलं. लोकांनी परत उभं केलं आणि १९८३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

कातळकडा:
साल्हेरही २०२५ मध्ये त्याच यादीत गेला, मावशी. तेवढं बरं विसरलात.

मनमाड_पॅसेंजर:
ज्वालामुखी बघायला अटलांटिकात कशाला जायचं? आपण लाव्ह्यावरच तर झोपतो.

दगडफोड्या:
झोपा खुशाल, पण दोन्ही एक नव्हे. आपला लाव्हा भेगांतून निघाला, थरावर थर पसरला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. मोंते ब्राझीलला तापलेल्या रसाची समुद्राच्या पाण्याशी गाठ पडून स्फोट झाले, त्या राखेचा डोंगर झाला. मधलं विवर आजही दिसतं. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाई किल्ल्यांवर जन्मभर हिंडलात तरी तसं विवर सापडणार नाही.

जुनं_नाशिक:
इतकं भांडताय, पण गंमत कोणीच सांगत नाही. ज्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण गेली, तिचा भाऊ पोर्तुगालचा राजा सहावा अफोन्सो. त्याला सख्ख्या धाकट्या भावानेच गादीवरून खेचलं आणि १६६९ ते १६७४ मोंते ब्राझीलच्या याच किल्ल्यात डांबलं. वास्को द गामाचा भाऊ पाउलो हिंदुस्थानातून परतताना १४९९ मध्ये अंग्रातच गेला. आपली माणसं तिथे जाऊन फोटो काढतात फक्त.

सिडकोकर:
इतिहास राहू द्या. एका गडाच्या पायथ्याला गाडी लावायचे पैसे घेतले, पावती मागितली तर चार पोरं अंगावर आली. मोंते ब्राझीलला घेतात का पैसे?

भटकी_मावशी:
छदामही नाही. वर बाकडी, स्वच्छतागृहं, हरणं.

वाडीवरचा:
मग तिकडेच जात जा की. मी पायथ्याच्याच गावचा. शनिवारी रात्री तुमच्या गाड्या आमच्या खळ्यात घुसतात, भोंगे लावून पहाटेपर्यंत नाच. सोमवारी आमच्या बाया पोती भरून बाटल्या खाली आणतात. माझ्या गायीच्या पोटातून डॉक्टरांनी पिशव्यांचा गोळा काढला. त्याची पावती कोण देतंय?

सिडकोकर:
सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी स्वतः कचरा परत आणतो.

वाडीवरचा:
वा! मग खळ्यात टाकतात ती भुतं असतील.

कातळकडा:
विषय भरकटतोय.

भटकी_मावशी:
भरकटत नाहीये, आत्ता कुठे मुद्द्यावर आलाय. तुमची शिबंदी शिबंदी तीच ना? तिथे लष्कर आहे, इथे हे दादा आहेत. तेव्हा पहारेकऱ्याला पगार द्या. तुमच्या १८१८ चे अर्धे मार्क तुम्हाला दिले, जा.

कातळकडा:
उपकार झाले. पण मग पैसे घेतले तर बिघडलं कुठे, हे सिडकोकरांना विचारा.

सिडकोकर:
पैशाला नाही म्हटलंच कुठे? पावती द्या, दर फळ्यावर लिहा.

वाडीवरचा:
फळा लावलेला. पावसाळ्यात पब्लिकने त्याचीच शेकोटी केली.