शनिवारच्या शाळेत गणितही होतंच की

काही जण म्हणतात की संस्कृती घरी शिकवा, शाळेत गणित न् इंग्रजी नीट आलं की झालं, ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय मुलांना वेगळी शनिवारची शाळा कशाला. मला हे अजिबात पटत नाही. लंडनमध्ये साठ-सत्तरच्या दशकात कॅरिबियन, म्हणजे वेस्ट इंडीजमधून आलेल्या घरांतली कितीतरी हुशार पोरं 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत टाकली गेली. १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाच्या शिक्षकाने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली, त्यात बुद्धिमापन चाचणीतला एक शब्द आहे, टॅप, म्हणजे आपला नळ. आता कॅरिबियनमध्ये नळाला पाइप म्हणतात, म्हणजे रोज नळावर पाणी भरणारं पोर त्या एका शब्दापायी चुकणार आणि दोष त्याच्या डोक्याला! मग गणित-इंग्रजी तरी कुठून नीट येणार, सांगा.

म्हणून तिथल्या आईबापांनी आणि शिक्षकांनी शनिवारच्या शाळा काढल्या, म्हणजे नेहमीच्या शाळेशिवाय शनिवारी भरणारे जादा वर्ग. त्रिनिदादहून आलेले कवी-प्रकाशक जॉन ला रोझ यांनी तर १९६९ मध्येच लंडनला जॉर्ज पॅडमोर या त्रिनिदादच्याच कृष्णवर्णीय लेखक-चळवळकर्त्याच्या नावाने एक सुरू केली होती. आमच्या शेजारी जमैकाच्या एक आजी होत्या, त्या लहानपणी अशाच एका शाळेत जायच्या, चर्चच्या हॉलमध्ये, अंगात कोट तसाच ठेवून. सांगायच्या, आधी पाढे न् निबंध, मग आफ्रिकेचा इतिहास. आणि तिथे त्यांचं जमैकी वळणाचं बोलणं कोणी दुरुस्त करत नव्हतं, म्हणून त्यांनी पहिल्यांदा वर्गात हात वर केला.