मदत हवी आहे: 'महानिर्वाण'ची प्रत आणि कीर्तन येणारं कुणीतरी

मंडळी, इंदूरला रामबागेत आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा नाटक वाचतो. या वेळी सतीश आळेकर. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेला माणूस १९७४ साली 'महानिर्वाण' लिहितो, स्वतःच बसवतो, आणि त्यात मेलेले भाऊराव आपल्याच मरणाचं कीर्तन करतात! माझी झेरॉक्स मात्र अशी, की भाऊराव जुन्याच स्मशानघाटाचा हट्ट धरतात आणि नेमकं पुढचं पान गायब. आळेकरांचंच दुसरं नाटक 'बेगम बर्वे' (१९७९) अख्खं आहे, त्याची काळजी नाही. खरी अडचण कीर्तनाची. आमच्यातल्या निम्म्यांनी ते कधी ऐकलेलंच नाही, सगळं भजनी मंडळाच्या चालीत जातं. एक संध्याकाळ येऊन ढंग दाखवेल असं इंदुरात कुणी आहे का? पुस्तक उसनं मिळालं तर कव्हर घालून परत करीन.