अ‍ॅमस्टरडॅमचे खेव्हलस्टेन: जुन्या भिंतीत जपायचे की घरावर परत लावायचे?

आरती_डेल्फ्ट:
काल परत सिंत लुसियेनस्टेख गल्लीत गेले होते. तिथे जुन्या अनाथाश्रमाच्या भिंतीत पाडलेल्या घरांचे कोरीव दगड बसवलेत, लोक भरभरून फोटो काढतात, मला मात्र दरवेळी वाईट वाटतं. घराच्या दर्शनी भिंतीवर बसवलेल्या अशा चिन्ह कोरलेल्या दगडांना डच लोक खेव्हलस्टेन म्हणतात. अहो, हा त्या घराचा पत्ता होता! घरांना नंबर आले ते अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी, फ्रेंच अंमलाच्या वळणावर. त्याआधी कात्रीचं घर, जहाजाचं घर, नोहाच्या तारवाचं घर असंच सांगायचे. जिथली मूळ जागा माहीत आहे तिथे दगड परत गेलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

विटा_चुना:
अजिबात पटलं नाही. घर पाडलं की असे किती दगड राडारोड्यात गेले असतील, हे त्या भिंतीमुळे वाचले. ती रस्त्यावर आहे, तिकीट लागत नाही. आणि घराचं चिन्ह जागेला चिकटलेलंच होतं असंही नाही, आधी लाकडी पाट्या टांगायचे, त्या हलायच्याच ना. 1421 आणि 1452 च्या मोठ्या आगींनंतर लाकडी भिंतींवर बंधनं आली, हळूहळू विटांची घरं झाली आणि मग दगड आले.

आरती_डेल्फ्ट:
तोच तर फरक आहे! पाटी दुकानदार घेऊन जाऊ शकतो, भिंतीत चिणलेला दगड नाही. शिंपी गेला, बेकरीवाला आला तरी घर कात्रीचंच राहायचं. काही कुटुंबांना तर आडनावंसुद्धा घराच्या चिन्हावरून पडली.

कालवाकाठ:
जागेचं जाऊ दे, मला तो भडक रंग खटकतो. लाल, निळा, वर सोनेरी, खेळण्यासारखं दिसतं. नुसता दगड किती छान वाटतो.

विटा_चुना:
@कालवाकाठ नाही हो, पूर्वीही रंगवायचेच. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही गल्लीच्या टोकावरून चिन्ह ओळखू यायला हवं होतं, आणि हा सॅंडस्टोन उघडा ठेवला की पावसाने कोरीवकाम झिजतं. रंगवायलाच हवा.

आरती_डेल्फ्ट:
रंगाबाबत एकदम सहमत. पण मूळ जागी नवी बिल्डिंग असली तरी तिच्यावर लावा की! ह्या दगडांच्या चाहत्यांची एक संस्था 1991 पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये हेच काम करते, कुठेतरी पडून असलेले दगड शोधायचे, दुरुस्त करायचे, रंगवायचे आणि परत दर्शनी भिंतीवर चढवायचे. नवीन विटांमधला जुना मासा बघून जाणारा माणूस थांबतो, विचारतो इथे काय होतं म्हणून.

विटा_चुना:
बरं, ज्यांची जागा जुन्या कागदांत पक्की सापडते ते न्या, इथपर्यंत मी येतो. पण ज्यांचं घर कुठलं हेच कळत नाही ते त्या भिंतीतून काढू नका, त्यांना आता दुसरं घर नाहीये.