मदत हवी आहे: कॅशे मिस बघायचे कुठं? क्लस्टर आहे, घाई आहे

निपाणीकर: तीन दिवस झाले, काही सुचेना. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघतो. संध्याकाळी पिग्मी एजंट भरणा करायला येतात आणि नेमका तेव्हाच खातेउतारा अडकतो. कधी लगेच उघडतो, कधी चाळीस सेकंद. कॅशेचा हिट रेशो, म्हणजे मागितलेला डेटा मेमरीतच सापडण्याचं प्रमाण, ९९ टक्क्यांच्या वर आहे. मग मिस, म्हणजे मेमरीत न सापडलेले, बघायचे कुठं? लवकर सांगा, उद्या परत रांग लागणार.

शहापूरकर: डेटाबेस कुठला? नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, किती? हा रेशो कुठल्या नोडवर बघितलात?

निपाणीकर: मारियाडीबी, गॅलेरा, तीन नोड, पुढं कामं नोडवर वाटून द्यायला एचएप्रॉक्सी. पहिल्यावर बघितलं. डेटा तिन्हीकडं सारखाच की.

शहापूरकर: डेटा सारखा, कॅशे नाही. प्रत्येक नोडचा बफर पूल, म्हणजे डिस्कवरची डेटाची पानं मेमरीत ठेवायची जागा, ज्याचा त्याचा. तिन्हीवर शो ग्लोबल स्टेटस ही कमांड चालवा. ‘बफर पूल रीड रिक्वेस्ट्स’ म्हणजे एकूण मागण्या, ‘बफर पूल रीड्स’ म्हणजे पान पूलमध्ये नव्हतं म्हणून डिस्कवर जावं लागलं ते. दोन्ही आकडे सर्व्हर चालू झाल्यापासूनची बेरीज असतात. सहाला टिपा, सव्वासहाला टिपा, वजाबाकी करा. महिन्याभराच्या ९९ टक्क्यांत संध्याकाळची पंधरा मिनिटं बुडून जातात.

चिकोडीचा कोडर: एवढं कशाला? सरळ रेडिस लावा, डेटा मेमरीत ठेवणारा वेगळा कॅशे. आमच्या डेअरीत लावलं, दूध बिलं झटक्यात येतात.

शहापूरकर: इथं पैशाचा हिशेब आहे. आत्ता भरलेली रक्कम उताऱ्यात दिसली नाही तर खातेदार काउंटरवर भांडेल.

चिकोडीचा कोडर: भरणा झाला की ती नोंद रेडिसमधून काढून टाकायची. वापरून न बघता बोलू नका.

टिळकवाडी: खातेदारांची नावं मराठी-कन्नड दोन्हीत आहेत का? आमचा कॉलम लॅटिन१ होता, त्यात कन्नड अक्षरं बसतच नाहीत, कन्नड नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची. ते आधी तपासा.

निपाणीकर: काका, नावं बरोबर दिसतात. अडचण वेगाची आहे.

खानापूर: मधे लाईट गेली होती का? आमच्याकडं पावसात रोजचंच. नोड अचानक बंद पडला तर परत येताना पूल रिकामा असतो. कुठली पानं आत होती ती यादी नीट शटडाउन केलं तरच लिहिली जाते.

निपाणीकर: लाईट नाही गेली. पण तिसरा नोड गेल्याच आठवड्यात घातलाय, सांगायचं राहिलं. आता वजाबाकी केली: पंधरा मिनिटांत पहिल्या दोघांवर रीड्स काही शे, तिसऱ्यावर लाखांत! बफर पूल साइज १३४२१७७२८ दाखवतो.

शहापूरकर: म्हणजे १२८ एमबी, डीफॉल्ट. कॉन्फिगमधली ओळ नव्या मशीनवर घालायची राहिली. एचएप्रॉक्सी पाळीपाळीनं काम देतो, म्हणून तर कधी लगेच, कधी अडकतो. सर्व्हर चालू असतानाच सेट ग्लोबल कमांडनं वाढवा आणि कॉन्फिगमध्येही लिहा, नाहीतर रिस्टार्टला परत १२८. रॅम किती?

निपाणीकर: १६ जीबी. पूल दहा जीबी केला. आज सातला सगळे एजंट आले तरी उतारा लगेच निघत होता. रोज शेवटी थांबणाऱ्या मावशी पावती घेऊन साडेसातच्या बसला गेल्या. फार उपकार झाले. आता हे आकडे रोज हातानं टिपायचे का?

शहापूरकर: नको. प्रोमेथियस आणि मायएसक्यूएलडी एक्स्पोर्टर लावा; एक्स्पोर्टर डेटाबेसचे आकडे देतो, प्रोमेथियस ते आपोआप टिपून ठेवतो. फक्त तिघांची सरासरी काढू नका, प्रत्येक नोडची रेघ वेगळी ठेवा.

चिकोडीचा कोडर: आणि रेडिसचं बघाच एकदा.