न्यूटनचं २०६०: त्याच कागदावर पुढे काय आहे

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की न्यूटनने २०६० साली जगबुडी सांगितली होती, आणि त्यावर उत्तर आलंय की म्हातारपणी भरकटला असेल. मला दोन्ही पटत नाही. भविष्यवाण्यांचा त्याचा अभ्यास १६७० च्या दशकातला, म्हणजे गती आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम मांडणाऱ्या त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्याही आधीपासूनचा. २०६० चा हिशोब त्याच्या एका हस्तलिखित कागदावर आहे, आणि तो अगदी रीतसर आहे. बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथातले 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ' म्हणजे साडेतीन वर्षं, ३० दिवसांचा महिना धरून १२६० दिवस, आणि एक दिवस म्हणजे एक वर्ष. इ.स. ८०० मध्ये पोपने शार्लमेन या फ्रँक राजाला सम्राटपदाचा मुकुट घातला, तिथून १२६० वर्षं मोजायची, की २०६० येतं.

पण त्याच कागदावर पुढे तो लिहितो की शेवट याहून उशिराही येईल, लवकर येण्याचं मात्र कारण दिसत नाही. आणि हे तारीख ठरवायला नव्हे, तर ऊठसूट तारखा जाहीर करणाऱ्यांना आवर घालायला लिहितोय, कारण त्यांचे अंदाज फसले की पवित्र ग्रंथांचीच बदनामी होते. हे वाक्य बातम्यांमधून नेहमी गळतं, याचं फार वाईट वाटतं. शिवाय त्याच्या लेखी 'शेवट' म्हणजे पृथ्वीचा नाश नव्हता. भ्रष्ट धर्मसत्ता कोसळून ख्रिस्ताचं राज्य सुरू होणं होतं. हा हिशोब त्याने कधी छापलाही नाही. १९३६ च्या लिलावात त्याचे कागद विखुरले, त्यातले बरेचसे धार्मिक कागद अब्राहम याहुदा या अभ्यासक-संग्राहकांनी जमवले. ते कागद आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.