कार्यालय आणि स्वागत समारंभ, दोन्हीकडे शोभतील असे स्नीकर्स कसे निवडावेत?

शेवटची लोकल (प्रश्न)

माझे कार्यालय मुंबईत फोर्ट भागात आहे आणि मी राहतो ठाण्याला. टायची सक्ती नाही. पण इस्त्रीची पँट आणि खोचलेला शर्ट एवढे तरी अपेक्षित असते. लग्नसराईत अनेकदा कार्यालयातूनच परस्पर एखाद्या स्वागत समारंभाला जावे लागते. फॉर्मल बूट घालून लोकलमध्ये तासभर उभे राहिले की टाचा भरून येतात, आणि व्यायामाचे जाळीदार बूट घालून गेलो तर सभागृहाच्या दारातच संकोच वाटतो. म्हणून दोन्हीकडे चालतील असे स्नीकर्स घेण्याचा विचार आहे. जोड एकच घेणार असून खर्चाची मर्यादा सात हजार रुपये आहे. छायाचित्रांत सगळेच बूट देखणे दिसतात. तेव्हा प्रत्यक्ष दुकानात काय पारखावे आणि रंग पांढरा घ्यावा की गडद, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आडवाट

रंगाच्या आधी आकार पाहावा. घोट्याच्या खाली संपणारा, चवड्याकडे किंचित निमुळता होत जाणारा, सोल पातळ आणि टाचेपासून चवड्यापर्यंत जवळपास सारख्या जाडीचा, असा बूटच पँटखाली सभ्य दिसतो. हा घाट मुळात टेनिसच्या मैदानावरचा. आदिदासचा स्टॅन स्मिथ हा त्याचा सर्वांत परिचित नमुना होय. 1960च्या दशकात तो फ्रेंच टेनिसपटू रॉबर्ट हाइये यांच्या नावाने निघाला आणि पुढे 1972 सालच्या विम्बल्डन विजेत्याचे नाव त्याला मिळाले. त्यावर कंपनीच्या ठसठशीत तीन पट्ट्या नाहीत, त्या जागी बारीक छिद्रांच्या तीन रांगा आहेत, त्यामुळे चार हातांवरून तो कोरा वाटतो. 2004 साली सुरू झालेल्या कॉमन प्रोजेक्ट्स या बुटांच्या कंपनीने हाच कोरेपणा टोकाला नेला आणि टाचेजवळच्या छोट्या सोनेरी आकड्यांखेरीज बुटावर काहीही ठेवले नाही. त्यांची किंमत चारशे डॉलरच्या पुढे असल्याने तो विषय आपण सोडून देऊ, पण त्या घाटाचे बूट आता अनेक देशी कंपन्याही तुमच्या मर्यादेत बनवतात.

पँटकडेही लक्ष द्यावे. मोहरी फार रुंद असेल तर पातळ बूट तिच्याखाली गडप होतो, आणि पँट लांब असेल तर चुण्या थेट नाडीवर येऊन पडतात. शिंप्याकडून थोडी उंची कमी करून घेतली, तर त्याच बुटाचे रूप पालटते.

कोरडी हवा

आकाराबाबत वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु ठाणे-मुंबईच्या हवेत खरा प्रश्न सोलचा असतो. पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानात ज्याला 'पीयू' म्हणतात तो सोल हलका आणि मऊ असतो, पण दमट हवेतील ओलाव्याने त्याचे रासायनिक विघटन होत राहते, आणि बूट न वापरता खोक्यात ठेवला तरी काही वर्षांनी सोलचा अक्षरशः भुगा होतो. कपाटातून काढलेला जवळजवळ नवा बूट समारंभाच्या दिवशी पावलागणिक काळे तुकडे गाळत जातो, तो याच कारणाने. रबरी सोल थोडा जड लागतो. तरी तोच घ्यावा. सोलच्या कडेने फिरणारी शिवण खरी आहे की साच्यात उमटवलेली नक्षी आहे, हे नखाने चाचपून पाहावे. खरी शिवण असेल तर उद्या सोल सुटू लागल्यावर कोपऱ्यावरचा मोचीसुद्धा आरीने पुन्हा शिवून देतो.

चामड्याच्या बाबतीत 'अस्सल चामडे' एवढ्या शिक्क्यावर विसंबू नये, कारण आतल्या थराच्या हलक्या कातड्यावर प्लॅस्टिकचा लेप दिला तरी तो शिक्का मारता येतो. अंगठ्याने दाबल्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडाव्यात आणि रंध्रे एकसारखी नसावीत. जिभेची कापलेली कड उघडी असेल तर तिथे तंतू दिसतात. विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन समजावे.

रंग गडद तपकिरी किंवा काळा घ्यावा, आणि सोलही शक्यतो त्याच रंगाचा. पांढरा बूट छायाचित्रात उठून दिसतो, पण लोकलच्या गर्दीत त्यावर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या टाचेची मोहोर उमटते. शिवाय कॅनव्हासचा पांढरा बूट असेल, तर आपल्या पिढीला शाळेतला पीटीचा तास आठवल्यावाचून राहत नाही.

निऱ्या

प्रश्न पुरुषांच्या बुटांचा असला तरी महिला वाचकांसाठी एक-दोन गोष्टी जोडते. हातमागाच्या सुती साडीवर किंवा सरळ पँट आणि कुर्त्यावर साधे चामडी स्नीकर्स छान दिसतात. मात्र बूट आधी घालावेत आणि मगच साडी नेसावी, कारण निऱ्यांची उंची सोलच्या जाडीवर ठरते. नंतर बूट बदलले तर फॉल जमिनीवर घासतो किंवा साडी आखूड वाटते. पैठणीवर मात्र मी स्नीकर्स घालणार नाही. जरीच्या काठाखाली ते उपरे वाटतात.

शेवटची लोकल

सर्वांचे आभार. पांढऱ्याचा विचार सोडला. एक शंका राहते: सोल पातळ असेल, तर ज्या टाचदुखीसाठी हा खटाटोप करायचा ती थांबणार कशी?

कोरडी हवा

आतले तळवे सुटे निघतात का, ते विचारावे. निघत असतील तर त्या जागी टाचेला आधार देणारे वेगळे तळवे बसवता येतात. मात्र ते जाड असतात, म्हणून ते घालूनच माप पाहावे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट रात्री करकचतो. मोज्यांकडेही दुर्लक्ष करू नये. मुहूर्ताच्या लग्नाला गेलात तर मांडवाबाहेर बूट काढावे लागतील, आणि अंगठ्याला भोक पडलेला मोजा तेव्हा सगळ्यांना दिसेल.

जुना जोड

माझे मत थोडे वेगळे आहे. स्वागत समारंभाला पाहुणा म्हणून जाताना स्नीकर्स चालतील; पण सूट, बंदगळा किंवा शेरवानीवर ते घालू नयेत, मग घाट कितीही कोरा असो. घरच्या कार्याला तर नकोच.

दुसरे, एकाच जोडावर वर्षभर भिस्त ठेवू नये. घामाने ओलावलेले चामडे एका रात्रीत पूर्ण सुकत नाही, आणि पावसाळ्यात तर त्यावर बुरशी धरते. सातऐवजी पाच-साडेपाच हजारांत स्नीकर्स बसवावेत आणि उरलेल्या पैशांत पावसाळी सँडल घ्यावेत. जून ते सप्टेंबर सँडल घालून लोकलने यावे, आणि स्नीकर्स वर्तमानपत्राचे बोळे भरून कार्यालयातल्या खणातच ठेवावेत.